कुंडीतल्या मिरचीची पाने पुन्हा पुन्हा का वळतात?

कुंडीत पहिल्यांदाच मिरची लावणाऱ्या बहुतेकांना एकच अनुभव येतो. रोप लावल्यावर दीड-दोन महिने ते छान वाढते, पहिल्या कळ्या दिसू लागतात आणि नेमक्या त्याच सुमारास शेंड्याची कोवळी पाने आखडून गोळा व्हायला लागतात. काहीतरी फवारले की आठ-दहा दिवस बरे वाटते, एखाददुसरे सरळ पान फुटते आणि मग तोच प्रकार पुन्हा सुरू होतो. शेतकरी याला चुरडा-मुरडा किंवा बोकड्या म्हणतात. शेतात हा शब्द लक्षणासाठी वापरला जातो, पण घरी बाग करणारी आपण माणसे त्याला एका रोगाचे नाव समजतो आणि त्यावर एकच औषध शोधत राहतो. माझ्या मते घोळ इथूनच सुरू होतो.

पुण्यात पश्चिमेकडे तोंड असलेल्या आमच्या गॅलरीत मी सलग दोन वर्षे सहा कुंड्यांत ज्वाला मिरची लावली. पहिल्या वर्षी सहाही रोपे गेली. माती वाईट असेल असे समजून मी ती सगळी बदलली, नंतर खत कमी पडले असेल म्हणून शेंगदाणा पेंडीचे आंबवलेले पाणी दर आठवड्याला दिले, आणि शेवटी कडुनिंबाचे तेल फवारले. दुसऱ्या वर्षी सप्टेंबरात पाने पुन्हा वळली, तेव्हा शेती करणाऱ्या माझ्या मामांना फोन केला. सगळे ऐकून घेऊन त्यांनी एवढेच विचारले, “अगं, पान उलटून बघितलंस का कधी?” मी पाहिलेले नव्हते. त्यानंतर दहापट मोठे दाखवणारे भिंग आणून प्रत्येक कुंडीतले पान उलटून पाहिले, तेव्हा तीन कुंड्यांत फुलकिडे, दोन कुंड्यांत कोळी आणि उरलेल्या एका रोपावर विषाणूची लक्षणे आढळली. एकाच ओळीतल्या सहा कुंड्यांत तीन वेगळी दुखणी होती आणि मी सहाही कुंड्यांना एकच उपाय करत होते.

पान कोणत्या बाजूला वळले आहे?

औषधाच्या बाटलीला हात लावण्यापूर्वी सकाळच्या उजेडात पाच मिनिटे रोपाकडे नीट पाहावे. पानाच्या दोन्ही कडा वरच्या बाजूला वळून पान होडीसारखे दिसत असेल, तर पहिला संशय फुलकिड्यांवर घ्यावा. हे किडे जेमतेम एक मिलिमीटर लांब, पिवळसर आणि सडपातळ असतात. ते कोवळ्या पानाची खालची बाजू खरवडून त्यातून येणारा रस शोषतात, त्यामुळे शिरांच्या आसपास तपकिरी किंवा चंदेरी ओरखडे दिसतात. खात्री करण्याची सोपी पद्धत अशी की शेंड्याखाली पांढरा कागद धरून फांदीवर बोटाने तीन-चार टिचक्या माराव्यात. कागदावर पडलेले बारीक ठिपके चालू लागले तर ते फुलकिडे आहेत. उमललेल्या फुलांवरही हीच चाचणी करावी, कारण काही फुलकिडे पानांपेक्षा फुलांतच जास्त राहतात. भारतात २०१५ साली प्रथम पपईवर नोंदलेली आणि २०२१ मध्ये तेलंगण आणि आंध्र प्रदेशातील मिरचीच्या शेतांचे मोठे नुकसान करणारी गडद रंगाच्या फुलकिड्यांची नवी जात अशीच फुलांत गर्दी करते.

याउलट पानाच्या कडा खालच्या बाजूला वळल्या असतील, पान उपड्या होडीसारखे आणि नेहमीपेक्षा अरुंद झाले असेल, देठ लांबलेले असेल आणि पानाची खालची बाजू तेलकट, तपकिरी दिसत असेल, तर ते काम कोळ्याचे असते. हा कोळी म्हणजे घराच्या कोपऱ्यात जाळे विणणारा कोळी नव्हे. याची लांबी सुमारे ०.२ मिलिमीटर असते, त्यामुळे तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही आणि भिंगातूनही जेमतेम फिकट, चकचकीत ठिपक्यासारखा दिसतो. पानांवर बारीक जाळी आणि पिवळसर टिपके दिसले तर तो लाल कोळी असतो. तो जुन्या पानांवर राहतो, तर शेंडा मुरडणारा कोळी कायम कोवळ्या पानांवर आणि कळ्यांवर असतो. कोळ्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. तो पानात जे द्रव्य सोडतो त्याचा परिणाम कोळी मेल्यावरही टिकतो. वळलेले पान पुन्हा कधीच सरळ होत नाही, आणि नवी निरोगी पालवी दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. उपाय लागू पडला की नाही हे जुन्या पानांवरून ठरवणारा माणूस चांगला चाललेला उपाय मध्येच सोडून देतो.

तिसरी शक्यता विषाणूची. यात पाने वर वळतात म्हणून फुलकिड्यांशी गल्लत होते, पण विषाणूच्या रोपाची ठेवणच वेगळी असते. पाने लहान राहतात, शिरांमधला भाग फुगल्यासारखा उंचसखल होतो, शिरा पिवळ्या पडतात, फांदीवरील पेरांमधले अंतर इतके कमी होते की शेंडा झुपक्यासारखा दिसतो आणि रोपाची वाढ खुंटते. कागदावर टिचक्या मारून काही पडत नाही, मात्र रोप हलवले की पांढऱ्या, इवल्याशा माश्या उडतात. हीच पांढरी माशी मिरचीच्या पर्णगुच्छाचा विषाणू एका रोपावरून दुसऱ्या रोपावर नेते.

मावा ओळखणे त्यामानाने सोपे आहे. हिरव्या किंवा काळ्या किड्यांची दाटी शेंड्यावर उघड दिसते, पाने चिकट लागतात आणि कुंडीत मुंग्यांची ये-जा सुरू होते. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने आणि साबणाच्या पाण्याने तो आटोक्यात येतो.

किडीशिवाय वळणारी पाने

सगळीच वळलेली पाने आजारी नसतात. एप्रिल-मेच्या दुपारी पश्चिमेच्या गॅलरीत पाने द्रोणासारखी मिटतात आणि संध्याकाळी पुन्हा सपाट होतात. ती पाण्याची बचत असते, त्यावर फवारणीची नव्हे तर दुपारी बारा ते चार या वेळेत हिरव्या जाळीच्या सावलीची गरज असते. संध्याकाळीही पाने मलूलच राहिली तर बोट दोन इंच मातीत खुपसून पाहावे. माती कोरडी असेल तर पाणी कमी पडते आहे. ती चिखलासारखी ओली असूनही पाने लोंबत असतील तर मुळे गुदमरलेली आहेत, आणि अशा वेळी आणखी पाणी घालणे म्हणजे रोप घालवणे आहे. कुंडीखालच्या बशीत पाणी साठू देऊ नये, हे सांगूनही घराघरांत विसरले जाते. जोमात वाढणाऱ्या रोपाची अगदी कोवळी पाने किंचित सुरकुतलेली असतात आणि चार दिवसांत आपोआप उलगडतात, त्यांच्याकडे दुर्लक्ष करावे.

फवारणीनंतरही कीड परत का येते?

मला वाटते, हा सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर फुलकिड्याच्या आयुष्यात आहे. मादी आपली अंडी पानाच्या पेशींच्या आत घालते, पानावर ठेवत नाही. कडुनिंबाचे तेल असो वा साबणाचे पाणी, पानाच्या पृष्ठभागावर बसणारी कोणतीही फवारणी त्या अंड्यांपर्यंत पोहोचत नाही. साधारण आठवडाभरात अंड्यांतून पिले बाहेर येतात, पुढचा आठवडा ती पान खरवडत वाढतात आणि नंतर बरीचशी खाली उतरून कुंडीतल्या मातीत किंवा गळालेल्या पानांखाली कोषावस्थेत जातात. तिथेही पानांवरची फवारणी पोहोचत नाही. हवा उबदार असेल तर दोन-तीन आठवड्यांत नवी पिढी तयार होते. म्हणजे आपण ज्या दिवशी मन लावून फवारणी करतो, त्या दिवशी किडीचा एक भाग पानाच्या आत, एक भाग मातीत आणि उरलेलाच भाग आपल्या फवाऱ्याच्या टप्प्यात असतो. आठ दिवस बरे वाटते आणि मग पुन्हा पाने वळतात, याचे कारण औषध खोटे निघाले असे नसते. राहिलेले दोन भाग तेवढ्या वेळात वर आलेले असतात.

कोळ्याचे चक्र याहून वेगवान आहे. उबदार, दमट हवेत त्याची एक पिढी चार ते सात दिवसांत पूर्ण होते, म्हणून पावसाळ्याच्या उघडिपीत तो झपाट्याने पसरतो. त्याचा नर सुप्तावस्थेतील मादीला उचलून नव्या कोवळ्या पानावर नेऊन ठेवतो, आणि हा कोळी पांढऱ्या माशीच्या पायांना चिकटून दुसऱ्या रोपावर जातो, हे त्याच्या अभ्यासकांनी नोंदवलेले आहे. त्यामुळे पांढरी माशी असलेल्या गॅलरीत एकट्या कोळ्यावर उपाय करून भागत नाही. ती माशी जास्वंदीवर, वांग्यावर, टोमॅटोवर मुक्कामाला असते, आणि फुलकिडे गुलाबावरही राहतात. मिरचीवर फवारणी करताना शेजारचा गुलाब आणि जास्वंद तपासली नाही, तर आपण एक खोली झाडून दुसरीत कचरा ठेवला असे होते.

उपाय कोणत्या क्रमाने करावा

सर्वप्रथम, ज्या रोपावर विषाणूची लक्षणे निश्चित दिसतात ते रोप काढावे. हे करायला जड जाते, कारण रोप हिरवे असते, त्यावर दोन-चार फुलेही असतात. पण विषाणूवर कोणतेही औषध नाही आणि ते रोप जोवर उभे आहे तोवर पांढरी माशी तिथून विषाणू घेऊन बाकीच्या रोपांवर जात राहणार. आधी रोपावर साबणाचे पाणी फवारून माश्या खाली पाडाव्यात, मग रोप पिशवीत घालून बांधून कचऱ्यात द्यावे. मी हे काम तीन आठवडे लांबवले आणि त्या काळात शेजारच्या कुंडीतले रोपही गमावले.

बाकीच्या रोपांचे फार मुरडलेले शेंडे दोन-तीन इंच कापून टाकावेत, कारण कोळ्यांची सर्वाधिक संख्या तिथेच असते. कापलेला भाग कुंडीत किंवा घरच्या कंपोस्टच्या डब्यात टाकू नये. कात्री दर रोपानंतर साबणाने धुवावी. घरात कोणी तंबाखू मळत असेल तर मिरचीला हात लावण्यापूर्वी त्याने हात साबणाने स्वच्छ धुवावेत; तंबाखूवरचा मोझॅक विषाणू हातांमार्फत मिरचीला लागू शकतो. त्यानंतर मातीवर पडलेली पाने वेचून घ्यावीत आणि वरचा एक-दीड इंच मातीचा थर काढून तिथे नवी माती आणि मूठभर निंबोळी पेंड घालावी. मातीतल्या कोषांपर्यंत पोहोचण्याचा कुंडीतला हाच सोपा मार्ग आहे.

मग पाण्याने धुणे. रोप किंचित तिरपे धरून पानांची खालची बाजू नळीच्या बारीक पण जोरदार धारेने धुतली तर फुलकिडे, मावा आणि काही प्रमाणात कोळीही वाहून जातात. या साध्या कृतीला लोक कमी लेखतात. पावसाच्या झडीनंतर मिरचीवरचे फुलकिडे कमी झालेले दिसतात त्यामागे हेच कारण आहे, आणि वरच्या मजल्याचे छप्पर असलेल्या गॅलरीत तो पाऊस रोपापर्यंत येत नाही.

पाने सुकल्यावर संध्याकाळी फवारणी करावी. एक लिटर कोमट पाण्यात आधी एक-दोन मिलिलिटर द्रव साबण ढवळावा, मग पाच मिलिलिटर घाण्याचे कडुनिंब तेल घालून पाणी दुधाळ होईपर्यंत हलवावे. साबणाशिवाय तेल पाण्यावर तरंगते आणि फवाऱ्यातून कधी नुसते पाणी तर कधी नुसते तेल येऊन पाने करपतात. प्रथम एका फांदीवर फवारून एक दिवस थांबावे. फवाऱ्याचे तोंड खालून वर धरावे, कारण किडीचा सगळा वावर पानाखाली असतो. कडुनिंब किडीला लगेच मारत नाही. तिचे खाणे कमी करते आणि तिची कात टाकण्याची क्रिया बिघडवते. दुसऱ्या दिवशी किडे जिवंत दिसले म्हणून मात्रा वाढवू नये. पाच-सहा दिवसांच्या अंतराने अशा चार फवारण्या कराव्यात, आणि दुसरीनंतर रोप सुधारलेले दिसले तरी उरलेल्या दोन चुकवू नयेत. पानातल्या अंड्यांतून पुढे निघणारी पिले आणि मातीतून वर येणारे किडे यांच्यासाठीच त्या असतात. माझ्या कुंड्यांत दर तीन आठवड्यांनी परतणारा चुरडा थांबला तो या चौथ्या फवारणीने. त्याआधी मी नेहमी दुसऱ्या फवारणीवरच थांबत असे.

कोळी निश्चित असेल तर पाण्यात विरघळणारे गंधक लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात अधिक परिणामकारक ठरते. मात्र इथे दोन पथ्ये कडक पाळावी लागतात. तापमान ३२ अंशांच्या वर असताना गंधक फवारू नये, आणि तेलाची फवारणी व गंधकाची फवारणी यांत किमान दोन आठवड्यांचे अंतर ठेवावे. ही दोन्ही एकत्र आली तर पाने भाजल्यासारखी होऊन गळतात. म्हणून कोळ्याच्या कुंड्या वेगळ्या ओळखून त्यांना पहिल्यापासूनच गंधक द्यावे, आधी तेल मारून नंतर विचार बदलू नये.

पावसाळ्यात हवेत दमटपणा असताना व्हर्टिसिलियम लेकॅनी ही किडींवर वाढणारी बुरशी पाच ग्रॅम प्रतिलिटर फवारता येते. ती कोरड्या उन्हाळ्यात उपयोगी पडत नाही आणि बुरशीनाशकाबरोबर किंवा गंधकाबरोबर देऊ नये. पिवळे चिकट सापळे पांढऱ्या माशीसाठी आणि निळे फुलकिड्यांसाठी लावावेत. सापळ्यांनी कीड संपत नाही, पण ती कधी वाढू लागली हे आठवडाभर आधी कळते, आणि मी ते त्याच कारणासाठी लावते.

शेतात वापरायची तीव्र कीटकनाशके गॅलरीत आणू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण ती मिरची कच्ची ठेच्यात घालतो, गॅलरीत कपडे वाळतात, मुले खेळतात. शिवाय सरसकट फवारणीने ढालकिडे आणि क्रायसोपा हे मित्रकीटक आधी मरतात आणि त्यांच्या अनुपस्थितीत कोळी आधीपेक्षा जोरात वाढतो. आंबट ताक आणि हिंगाचे पाणी अनेक घरांत फवारले जाते. पानातली अंडी आणि मातीतले कोष त्याच्याही टप्प्याबाहेर असतात, तेव्हा फक्त त्यावर विसंबून राहू नये. एप्सम मीठ तर या दुखण्याशी संबंधितच नाही. ते मॅग्नेशियम पुरवते, आणि मॅग्नेशियमची कमतरता जुन्या पानांच्या शिरांमधल्या पिवळेपणात दिसते, शेंड्याच्या मुरडण्यात नाही.

खताविषयी

माझी पेंडीच्या पाण्याची चूक इथे सविस्तर सांगितली पाहिजे, कारण ती प्रेमापोटी सगळेच करतात. पाने वळलेली दिसली की रोप अशक्त झाले असे वाटते आणि आपण त्याला खत देतो. शेंगदाणा पेंडीत, युरियात आणि ताज्या कोंबडी खतात नत्र भरपूर असते. नत्राने लुसलुशीत, मऊ, गडद हिरवी पालवी फुटते आणि रसशोषक किडींना नेमकी तीच हवी असते. म्हणजे मी दर आठवड्याला किडीच्या पंगतीची तयारी करत होते. रोप आजारी असेपर्यंत नत्राचे खत पूर्ण बंद ठेवावे. नवी सरळ पालवी दिसल्यावर दर तीन आठवड्यांनी मूठभर गांडूळ खत पुरेसे होते, आणि फुले लागल्यावर त्यात थोडी लाकडाची राख मिसळावी.

कुंडी बारा इंचांची, एका कुंडीत एकच रोप, आणि मातीत साधारण दोन भाग लाल माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि एक भाग कोकोपीट, एवढे पुरते. फूलगळीची काळजी वेगळी करण्याचे कारण नाही. पारा ३५ अंशांवर गेला की मिरची फुले टाकतेच, आणि त्याखाली असूनही फुले गळत असतील तर फुलांत फुलकिडे आहेत का ते कागदावर पाहावे.

नवे रोप आणताना

माझ्या दुसऱ्या वर्षीच्या रोपांवर कीड रोपवाटिकेतूनच आली असावी, कारण त्याच दिवशी आणलेल्या टोमॅटोच्या रोपांवरही पांढरी माशी होती. तेव्हापासून कोणतेही नवे रोप मी दोन आठवडे इतर कुंड्यांपासून दूर, घराच्या दुसऱ्या बाजूच्या खिडकीत ठेवते आणि त्या काळात दोनदा पाने उलटून पाहते. बियांपासून रोपे करायची असतील तर ती पहिले पस्तीस-चाळीस दिवस बारीक नायलॉनच्या जाळीखाली वाढवावीत. शेतकरीही गादीवाफ्यावर हेच करतात. विषाणू जितक्या लहान वयात लागतो तितके नुकसान जास्त, म्हणून ही जाळी पुढच्या दहा फवारण्यांपेक्षा मोलाची ठरते. जातीमध्येही फरक पडतो. पंत सी-१ ही उभट मिरच्यांची जात चुरडा-मुरड्याला बऱ्यापैकी तोंड देते, आणि पुन्हा पुन्हा अपयश आलेल्या नवख्या माणसाने तिच्यापासून सुरुवात करावी असे मी सुचवीन.

गेलेल्या रोपाची माती फेकून देण्याची गरज नाही. पर्णगुच्छाचा विषाणू मातीतून लागत नाही, आणि फुलकिड्यांच्या कोषांचा बंदोबस्त उन्हाने होतो. एप्रिल-मेमध्ये ती माती मुळे काढून ओलसर करावी, पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत चार-पाच इंचांचा सपाट थर होईल अशी भरून तोंड बांधावे आणि कडक ऊन मिळेल अशा जागी चार ते सहा आठवडे ठेवावी. पिशवी काळी नसावी, पारदर्शकच असावी, कारण तिच्यात माती जास्त तापते. जूनमध्ये त्यात नवे शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड मिसळून एक हंगाम मेथी किंवा कोथिंबीर घ्यावी, आणि मिरची, वांगे किंवा टोमॅटो त्यानंतरच्या हंगामात लावावे.